म्हैस, पाऊस आणि पशुवैद्य

म्हैस डबक्यांत कां डुंबते? तिच्या कातडींत घर्मग्रंथी थोड्या; म्हणून अंगांतील उष्णता ती पाण्यास देते. उन्हाळा कडक होऊन डबकें आटलें कीं दूध घटतें.

पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यास दुसरा धडा आपल्या खालापूरच्या भातखाचरांत मिळेल. हवा एका अंशानें तापली कीं सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धरते, आणि सर कोसळते ती अतोनात. गोठ्यांत शिरलेल्या पाण्यांत उंदरांचें व गुरांचें मूत्र मिसळतें. त्यांतील लेप्टोस्पायरा जंतू अनवाणी शेतकऱ्याच्या जखमेंतून शरीरांत शिरतात. मुंबईंत २००५ च्या जुलैंतील महापुरानंतर या रोगाची साथ आली होती. याच जंतूंनीं गाईही गाभडतात. १८८६ सालीं स्थापन झालेल्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत तुमच्यापैकीं कोणी गेला, तर गाईची तक्रार घेऊन आलेल्या धन्यास त्यानें स्वतःच्या तापाविषयीं विचारावें. तो आपण होऊन सांगत नाहीं.