खोल भाजल्यावर नवी कातडी कशी येते?



स्टोव्ह किंवा उकळत्या पाण्याने खोल भाजलं की कातडीचे दोन्ही थर जातात. जखमेतून पाणी झरतं, जंतू शिरतात. खालचा थर पुन्हा पूर्वीसारखा उगवत नाही.

उपाय दोन. पहिला, झाकण. बाळाभोवतीच्या पिशवीचा पातळ पडदा एरवी जारेबरोबर फेकला जातो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये सुरू झालेली टिश्यू बँक तो गॅमा किरणांनी निर्जंतुक करून जखमेवर लावण्यासाठी देते. त्याने वेदना कमी होतात, पण त्याची कातडी होत नाही.

दुसरा, मांडव. अमेरिकेत बर्क आणि यानास यांनी १९८१ मध्ये गाईच्या कोलॅजनपासून केलेली सच्छिद्र जाळी रुग्णांवर वापरल्याचं मांडलं. वर सिलिकॉनचा पापुद्रा. वेल मांडवावर चढावा तशा पेशी आणि रक्तवाहिन्या जाळीत शिरतात. छिद्रं फार बारीक असतील तर त्या शिरत नाहीत. जाळी लवकर विरघळली तर आधार सुटतो. सुमारे तीन आठवड्यांनी पापुद्रा काढून रुग्णाचीच पातळ कातडी लावतात.

जंतू झालेल्या जखमेवर मात्र हा मांडव टिकत नाही. म्हणून भाजल्यावर लगेच अंगठी-बांगड्या काढा, २० मिनिटं नळाचं पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद, तेल लावू नका. स्वच्छ कापडाने झाकून जवळचा सरकारी दवाखाना गाठा. जखम मोठी असेल तर पिशोरहून घाटी रुग्णालयात न्यायला उशीर करू नका.