कामाच्या ठिकाणची दांडगाई आणि तिचा प्रतिकार

इंद्रायणीच्या काठचे निघोजे हे खेड तालुक्यातील गाव. चाकण औद्योगिक क्षेत्राचा विस्तार झाला आणि ज्या शिवारात पूर्वी ज्वारी-बाजरी उभी राहत असे, तेथे मोटारगाड्यांचे व त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने उभे राहिले. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या गावांतून आज पाळी बदलण्याच्या वेळी कामगारांची रीघ लागते. त्यांत गावचे तरुण आहेत, मराठवाडा-विदर्भातून आलेले आहेत आणि परप्रांतीयही आहेत. उद्योगाने रोजगार आणला, गावांचे उत्पन्न वाढविले. त्याचबरोबर एक जुना दोष नव्या रूपात पुढे आला. तो म्हणजे कामाच्या ठिकाणी बळाच्या जोरावर दुसऱ्याला नमविण्याची वृत्ती. तिला साध्या भाषेत दांडगाई म्हणतात.

दांडगाईची दोन रूपे

पहिले रूप कारखान्याच्या आत दिसते. उत्पादनाचा आकडा गाठण्याच्या घाईत पर्यवेक्षक शिवीगाळ करतो, जुना कामगार नवशिक्या उमेदवाराला ढकलतो किंवा रजा नाकारली म्हणून कामगार अधिकाऱ्याची कॉलर धरतो. दुसरे रूप कारखान्याच्या फाटकावर दिसते. मजूर पुरविण्याचा, भंगार उचलण्याचा किंवा मालाच्या चढउताराचा ठेका आपल्यालाच मिळाला पाहिजे, असा आग्रह धरून मालमोटारी अडविल्या जातात, चालकाला मारहाण होते आणि न केलेल्या कामाचे पैसे मागितले जातात. अशा खंडणीखोरीच्या तक्रारी चाकण पट्ट्यातून वारंवार झाल्या आहेत.

दोन्ही रूपांचे मूळ एकच आहे. दांडगाई करणारा प्रथम लहानसा प्रयोग करून पाहतो. पहिली शिवी, पहिला धक्का, पहिली धमकी यांची कोठेही नोंद झाली नाही, म्हणजे पुढचे पाऊल टाकण्यास त्याला मोकळीक मिळते. म्हणून दांडगाईचा प्रतिकार हाताला हात भिडवून होत नाही. तो नोंदीने, साक्षीने आणि संघटित आग्रहाने होतो. कायद्याने त्यासाठी कोणती साधने दिली आहेत, हे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना माहीत असणे आवश्यक आहे.

कारखान्याच्या आतील साधने

औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायदा १९४६ साली झाला. त्याखालील नमुना स्थायी आदेशांत दंगेखोर व बेशिस्त वर्तनाची गणना गैरवर्तनात करण्यात आली होती. हा विषय आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तीनुसार ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस स्थायी आदेश लागू होतात. आरोप असलेल्या कामगाराला निलंबित केल्यास चौकशी सामान्यतः ९० दिवसांत पूर्ण करावयाची असते. त्या काळात पहिल्या ९० दिवसांसाठी वेतनाच्या ५० टक्के निर्वाहभत्ता द्यावा लागतो. विलंब कामगाराच्या वर्तनामुळे झालेला नसल्यास त्यापुढे तो ७५ टक्के होतो. आरोप झाला म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे, हे तत्त्व येथे जपलेले आहे.

वर्तनाचे गांभीर्य न्यायालयांनीही ओळखले आहे. महाराष्ट्रातील एका वाहन उद्योगात कामगाराने वरिष्ठाला अर्वाच्य शिवीगाळ केली होती. त्याला कामावरून दूर करण्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली कायम केली. कामगाराला असा नियम लागू असेल, तर शिवीगाळ करणाऱ्या पर्यवेक्षकालाही तोच मापदंड लावणे व्यवस्थापनाचे नैतिक कर्तव्य ठरते. शिस्त एकाच दिशेने वाहू लागली की तिच्यावरील विश्वास उडतो.

वीस किंवा अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात आणि एकूण सदस्य दहापेक्षा अधिक नसतात. तक्रार उद्भवल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो आणि समितीने ३० दिवसांत आपले काम पूर्ण करावयाचे असते. स्त्री कर्मचाऱ्यांच्या लैंगिक छळाच्या बाबतीत २०१३ चा स्वतंत्र कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. जेथे ती नाही तेथील स्त्रीला जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे जाता येते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी, असा सर्वसाधारण नियम आहे.

पोलिसांकडे केव्हा जावे?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ११५ प्रमाणे हेतुपूर्वक दुखापत करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुखापत गंभीर असल्यास कलम ११७ प्रमाणे कैद सात वर्षांपर्यंत जाते. धमकीसाठी कलम ३५१ आणि खंडणीसाठी कलम ३०८ आहे. साध्या मारहाणीचा गुन्हा अदखलपात्र असतो. त्यामुळे ‘एन.सी. झाली, आता काय होणार?’ असे म्हणून अनेक जण घरी बसतात. हा समज चुकीचा आहे. तारीख, वेळ व साक्षीदार यांसह झालेली ती नोंद पुढच्या प्रसंगी पुराव्याचा पहिला दुवा ठरते. खंडणीचा गुन्हा मात्र दखलपात्र असून पोलिसांना तपासासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले आणि चाकणचा औद्योगिक पट्टा त्याच्या हद्दीत आला. तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक आहेच.

स्वतःचा बचाव करण्याचा हक्क कायद्याने मान्य केला आहे. परंतु बचावास आवश्यक तेवढेच बळ वापरता येते. पळून जाणाऱ्याला गाठून मारणे हा बचाव नव्हे.

फाटकावरील दांडगाई आणि खरा माथाडी

मालाच्या चढउताराच्या नावाखाली होणाऱ्या खंडणीने एका थोर चळवळीचे नाव मलिन होते. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या कष्टकऱ्याला संरक्षण मिळावे म्हणून अण्णासाहेब पाटील यांनी संघर्ष केला. त्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आकारास आला. या कायद्याची पद्धत समजून घेतली की खरा-खोटा भेद लगेच कळतो. मालक व कामगार या दोघांचीही नोंदणी मंडळाकडे होते. मालक मजुरी आणि तीवरील लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधीसारखे लाभ पुरविते. तेव्हा नोंदणी दाखविल्यावाचून, पावती दिल्यावाचून, काठी उगारून फाटकावर रोकड मागणारा माणूस माथाडी नसतो. त्याच्याविरुद्ध तक्रार करणे म्हणजे खऱ्या माथाडीच्या बाजूने उभे राहणे होय.

सर्वात दुर्बळ कोण?

साधने आहेत, तरीही तक्रारी कमी का होतात? कारण ज्याला मार बसतो, त्याचे पाय बहुधा भक्कम जमिनीवर नसतात. कंत्राटी कामगाराचा मालक कोण, हेच त्याला नीट ठाऊक नसते. परगावच्या कामगाराचा मजूर ठेकेदार आणि खोलीचा मालक एकाच घरातील असू शकतात. अशा वेळी तक्रार करणे म्हणजे नोकरी व निवारा दोन्ही एकाच दिवशी गमावणे होय. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. तो कागद साधा दिसतो; परंतु ‘हा माणूस येथे काम करतो’ हे त्यामुळेच सिद्ध होते.

तक्रारीला वाट न मिळाल्यास काय होते, याचे उदाहरण देशासमोर आहे. हरियाणातील मानेसर येथील मोटार कारखान्यात १८ जुलै २०१२ रोजी एक कामगार व एक पर्यवेक्षक यांच्यातील वादानंतर हिंसाचार उसळला, आग लागली आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरविले. त्यांपैकी १३ जणांना जन्मठेप झाली. ११७ जण निर्दोष सुटले. पण त्यांतील अनेकांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती. ज्या समितीवर दोन्ही बाजूंचा विश्वास असतो, ती एका घराचा कर्ता माणूस आणि शेकडो घरांची भाकरी वाचवू शकते.

गावाचे कर्तव्य

पंचायत सदस्यांना येथे मोठे काम करता येईल. मारहाण झालेल्या कामगारास ‘आपसात मिटवा’ असा सल्ला देण्याची प्रथा गावोगाव आहे. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेमागील हेतू स्तुत्य होता. परंतु तडजोड आणि दडपण यांत अंतर आहे. साध्या दुखापतीच्या गुन्ह्यात तडजोड करण्याचा अधिकार मार खाल्लेल्या व्यक्तीचा आहे, गावपुढाऱ्यांचा नव्हे. खंडणीच्या गुन्ह्यात तर अशी तडजोड कायद्याला मान्यच नाही.

पोलीस ठाणे, स्थानिक समिती व कामगार कार्यालय यांचे पत्ते ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठी व हिंदीत लावावेत. खोली भाड्याने देणाऱ्यांनी लेखी करार करावा, म्हणजे तक्रारदाराला रातोरात बाहेर काढता येणार नाही. ठेका मिळविताना दर, अनुभव व नोंदणी या गुणांवर मिळवावा, हे ग्रामसभेत उघडपणे बोलले जावे. कारण फाटकावरच्या दांडगाईत बहुधा गावचेच तरुण पुढे केले जातात आणि गुन्ह्याची नोंद त्यांच्याच नावावर राहते. पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते, तेव्हा त्यांना पुढे करणारा सोबत नसतो. शाळा व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी यंत्राच्या सुरक्षिततेबरोबर हाही पाठ द्यावा. अपमान झाला तर त्याच दिवशी घटना लिहून काढावी, साक्षीदाराचे नाव टिपावे, अर्जाची पोच घ्यावी आणि शक्यतो एकट्याने न जाता दोघा-तिघांनी मिळून जावे.

निघोज्यासारख्या गावांनी आपली जमीन उद्योगाला दिली आहे. त्या जमिनीवर काम करणारा माणूस, मग तो गावचा असो की दूरचा, पाळी संपवून निर्भयपणे खोलीवर परतला पाहिजे. यासाठी शौर्याची गरज थोडी आहे. पहिल्याच धक्क्याची नोंद करण्याची आणि नोंद करणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची गरज अधिक आहे.