अंगणातून दीर्घिकांचा शोध

नोव्हेंबरातील अमावास्येजवळची रात्र होती. वर्ध्याशेजारी सावंगी (मेघे) येथील आमच्या अंगणात आळीतील सात-आठ मुले माझ्या साडेचार इंची परावर्ती दुर्बिणीभोवती जमली होती. देवयानी दीर्घिका दाखवतो, असे मी मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवले होते. पहिल्या मुलाने नेत्रिकेला डोळा लावला आणि लगेच म्हणाला, "दिसली सर! गोल गोल फिरलेली आहे." दुसऱ्यालाही दिसली. मग नववीतील एक मुलगी पुढे आली. बराच वेळ पाहून ती हळूच म्हणाली, "सर, मला तर नुसत्या चांदण्याच दिसून राहिल्या."

मी स्वतः पाहिले. तिचेच खरे होते. कुणाचा तरी धक्का लागून दुर्बीण सरकली होती आणि नेत्रिकेत दीर्घिका नव्हतीच.

त्या दोघा मुलांना मी खोटारडे म्हणणार नाही. पुस्तकातील रंगीत चित्र त्यांच्या मनात इतके पक्के होते की त्यांना तेच दिसले. दुर्बीण पुन्हा नेमली. या वेळी ती मुलगी म्हणाली, "पाटीवर ओलं बोट फिरवल्यासारखा डाग आहे. एवढीच असते?" होय, लहान दुर्बिणीतून एवढीच असते. तो डाग म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह आहे आणि त्याचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी तेथून निघालेला आहे. छायाचित्रात तासन्‌तास प्रकाश साठवता येतो. आपला डोळा सेकंदाच्या अंशापलीकडे तो साठवत नाही. शिवाय अंधूक प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत.

ही दीर्घिका शोधायची कशी, ते पाहू. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास महाश्वाचा मोठा चौकोन माथ्याजवळ असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातील ताऱ्यापासून ईशान्येकडे दोन तारे मोजा. दुसऱ्या ताऱ्यापाशी शर्मिष्ठेच्या दिशेला वळा आणि आणखी दोन मंद तारे मोजा. त्यातील शेवटच्या ताऱ्याला लागूनच ही दीर्घिका, म्हणजे मेसिए यांच्या यादीतील एम ३१, आहे. आता ज्या ताऱ्यापाशी वळलात तेथे परत या आणि जवळजवळ तेवढेच अंतर उलट दिशेला जा. तेथे त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ ही दीर्घिका असते.

असते खरी, पण दिसत नाही! माझ्या वहीत एम ३३ पुढे सात वेळा "दिसली नाही" अशी नोंद आहे. याउलट कन्या राशीतील एम १०४, म्हणजे सोंब्रेरो दीर्घिका, मला दुसऱ्याच प्रयत्नात सापडली. कोष्टके मात्र उलटेच सांगतात. एम ३३ ची प्रत ५.७ आहे, सोंब्रेरोची ८. प्रतीचा आकडा जितका लहान, तितकी वस्तू तेजस्वी. या फरकाचा हिशेब केला तर एम ३३ कडून आपल्याला सोंब्रेरोच्या आठपट प्रकाश मिळतो. मग जास्त तेजस्वी तीच दिसेनाशी का व्हावी?

मूठभर रांगोळी घ्या. शेणाने सारवलेल्या अंगणात ती तळहाताएवढ्या गोलात टाकली तर लांबूनही उठून दिसेल. तीच मूठ अंगणभर उधळली तर जमीन किंचित फिकट वाटेल, इतकेच. आणि अंगणच चुन्याने पांढरे केलेले असेल तर उधळलेली रांगोळी मुळीच दिसणार नाही.

एम ३३ आकाशात सुमारे ७० कला लांब आणि ४० कला रुंद पसरलेली आहे (६० कला म्हणजे एक अंश). सोंब्रेरो जेमतेम ९ बाय ४ कला. म्हणजे एम ३३ ने जवळजवळ ७८ पट जागा व्यापली आहे, आणि प्रकाश आहे आठपट. दर चौरस कलेमागे तिचे तेज सोंब्रेरोच्या एकदशांशच पडते. पांढरे अंगण म्हणजे आपले उजळलेले आकाश, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

मोठ्या वर्धनाची नेत्रिका लावून हे सुटेल, असे पुष्कळांना वाटते. पण हिशेब करून पाहा. माझ्या दुर्बिणीचा आरसा ११४ मिलिमीटरचा, अंधारात बाहुली ७ मिलिमीटरची. म्हणून प्रकाश सुमारे २६५ पट गोळा होतो. पण ३६ पट वर्धनात चित्र ३६ गुणिले ३६, म्हणजे १,२९६ पट क्षेत्रावर पसरते. प्रत्येक भाग नुसत्या डोळ्यापेक्षा मंदच होतो! दीर्घिका जितकी मंद होते तितकेच आकाशही होते, त्यामुळे दोघांतील फरक आहे तसाच राहतो. फायदा एवढाच, की मोठा झालेला अंधूक डाग डोळ्याला अधिक सहज कळतो.

आठवी नोंद मी आर्वी तालुक्यातील एका शेतावर केली. दुर्बीण तीच, नेत्रिका तीच. आजूबाजूला एकही दिवा नव्हता आणि एम ३३ दहा मिनिटांत सापडली. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, ती अशाच काळोखासाठी. आमच्याकडे वीज गेली की घरचे हळहळतात. मी दुर्बीण बाहेर काढतो.

डोळ्याचीही तयारी लागते. अंधारात किमान वीस-पंचवीस मिनिटे थांबा. मोबाइल एकदा पाहिला की ही सारी वाट पाहणे फुकट गेले. दुसरे म्हणजे, डागाकडे थेट पाहू नका. दृष्टिपटलाच्या मध्यभागी अंधूक प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, म्हणून नजर थोडी बाजूला ठेवावी. डाग उगवल्यासारखा वर येतो. थेट पाहिले की मावळतो. नळीला टिचकी मारली तर हलणारा डाग चटकन कळतो.

हा डाग नक्की काय आहे, यावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांचाही वाद होता. १९२३ साली एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने एम ३१ मध्ये तेज ठरावीक काळाने कमीजास्त होणारा एक तारा सापडला. अशा ताऱ्यांचा आवर्तकाळ आणि खरे तेज यांचे नाते हेन्रिएटा लेव्हिट यांनी आधीच दाखवले होते. त्यावरून अंतर काढता आले, आणि तो डाग आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर आहे हे सिद्ध झाले.

सोंब्रेरो पाहायची तर एप्रिल-मे हा काळ चांगला. उन्हाळ्यात खाटा अंगणात आलेल्या असतातच. हस्ताच्या चौकोनातील ईशान्येचा तारा धरा आणि उत्तरेकडे, किंचित पूर्वेला झुकत, साडेपाच अंश जा. मे महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास ती दक्षिणेला चांगली उंच असते.

त्या मुलीने आता स्वतःची वही केली आहे. तीत तारीख, वेळ, चंद्र आणि ढग यांचे रकाने आहेत. सोंब्रेरोपुढे तिने लिहिले आहे, "दिसली असे वाटते. खात्री नाही." पुढच्या अमावास्येला आम्ही पुन्हा पाहणार आहोत.