बदलत्या मागण्या आणि कामाचा ताळा

विद्यार्थिमित्रहो, गणित सोडविल्यावर त्याचा ताळा करून पाहावा, ही शिस्त तुम्हांस प्राथमिक शाळेपासून लागलेली आहे. हाच नियम आजच्या एका अगदीं नव्या धंद्यास कसा लागू पडतो, तें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे. हा धंदा म्हणजे संगणकाच्या आज्ञावली रचण्याचा. कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक आतां अशा आज्ञावली माणसाच्या सांगण्यावरून कांहीं मिनिटांत लिहून देतात. त्यामुळें, ‘यंत्रच जर लिहितें, तर आमच्या मुलांनीं हें शास्त्र शिकावें कशाला?’ असा प्रश्न पुष्कळ पालक विचारतात. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं ह्या धंद्यांतील खरी अडचण कोणती, हें समजून घेतलें पाहिजे.

अडचणीचें मूळ

इ. स. १९६८ सालीं पश्चिम जर्मनींतील गार्मिश ह्या गांवीं नाटो संघटनेच्या विद्यमानें तज्ज्ञांची एक परिषद भरली होती. मोठ्या आज्ञावली वेळेवर पुऱ्या होत नाहींत, खर्च अंदाजाबाहेर जातो आणि हातीं आलेल्या कामांत दोष राहतात, ही तिच्यापुढील चिंता होती. पुढें १९७० सालीं विन्स्टन रॉइस ह्यांनीं अशा कामाच्या पायऱ्या सांगितल्या: प्रथम मागणी ठरविणें, मग आराखडा, मग लेखन व शेवटीं चाचणी. एकदांच सरळ खालीं उतरून गेल्यास धोका आहे, असेंही त्यांनीं त्याच निबंधांत बजावलें होतें. परंतु पुष्कळांनीं पायऱ्या तेवढ्या उचलल्या आणि इशारा विसरले. आयबीएम कंपनीच्या एका प्रचंड आज्ञावलीचें काम ज्यांनीं चालविलें होतें, त्या फ्रेडरिक ब्रुक्स ह्यांनीं १९८६ सालीं असा निष्कर्ष मांडला कीं, नेमकें काय बनवावयाचें हें ठरविणें हाच ह्या कामांतील सर्वांत कठीण भाग होय. फेब्रुवारी २००१ मध्यें अमेरिकेच्या यूटा संस्थानांत सतरा जाणकार एकत्र आले. मागणी बदलणें हा अपराध न मानतां बदलाचें स्वागत करावें आणि थोडें थोडें काम पुरें करून दाखवीत जावें, असें त्यांनीं जाहीर केलें.

तात्पर्य, मागणी बदलते हें नवें नाहीं. काम जसजसें डोळ्यांपुढें येतें, तसतसें आपणांस खरोखर काय हवें होतें हें मागणाऱ्यासच कळूं लागतें.

एक साधें उदाहरण

समजा, शाळेच्या ग्रंथालयासाठीं दंडाचा हिशेब करणारी आज्ञावली हवी आहे. पहिली मागणी अशी: मुदतीनंतर दर दिवसास एक रुपया दंड. पुस्तक १० तारखेस परत करावयाचें होतें व तें १७ तारखेस आलें. म्हणजे ११ ते १७ असे सात दिवस उशीर व दंड ७ रुपये. पुढें ठरलें कीं, रविवार मोजूं नये. लागोपाठच्या सात दिवसांत एक रविवार असतोच. म्हणून दंड ६ रुपये. नंतर ठरलें कीं, शिक्षकांस दंड नाहीं. आणि त्याहीनंतर, कोणाचाही दंड २० रुपयांवर जाऊं नये.

प्रत्येक बदल लहान आहे व यंत्रसहायक तो तत्काळ करून देतो. परंतु तिसरा बदल करतांना त्यानें हिशेबाचा सगळा भाग नव्यानें लिहिला व त्यांत शिक्षकांची सूट गळाली, असें होऊं शकतें. नवी मागणी तपासणाऱ्यास २० रुपयांची मर्यादा बरोबर दिसते व तो समाधान पावतो. जुनें बिघडलें आहे, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. कारण तिकडे कोणी पाहिलेंच नाहीं.

आतां याहून सूक्ष्म प्रश्न घ्या. मुदतीचा दिवसच रविवार असला तर? त्या दिवशीं ग्रंथालय बंद. मुलगा सोमवारीं दार उघडतांच पुस्तक घेऊन येतो. नियमाच्या अक्षराप्रमाणें सोमवार हा मुदतीनंतरचा एक दिवस आहे व तो रविवार नव्हे. म्हणून दंड एक रुपया. आज्ञावली यंत्राप्रमाणें चोख चालली, आणि निरपराध मुलास शिक्षा झाली! येथें चूक लेखनांत नाहीं. मागणींतच एक प्रश्न विचारावयाचा राहिला. सहायकानें तो विचारला तर उत्तम. पण बहुधा तो आपल्या तर्कानें रिकामी जागा भरतो व पुढें जातो. ग्रंथालयाचें दार रविवारीं बंद असतें हें ज्यास ठाऊक आहे, त्यानेंच तो प्रश्न उपस्थित केला पाहिजे.

एरियानचा अपघात

ग्रंथालयांत एक रुपयाचा प्रश्न होता. मोठ्या कामांत अशा चुकीची किंमत केवढी होते, तें पाहा. ४ जून १९९६ रोजीं फ्रेंच गियानांतील कुरू येथून ‘एरियान ५’ हें नवें अग्निबाण पहिल्यानेंच उडालें. त्यांत चार शास्त्रीय उपग्रह होते. सुदैवानें माणूस कोणी नव्हता. सुमारें ४० सेकंदांत तें मार्ग सोडून वळलें व त्याचे तुकडे झाले.

चौकशी समितीस आढळलें तें असें. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेची आज्ञावली जुन्या ‘एरियान ४’ मधून घेतलेली होती. तिच्यांत एक मोठी संख्या सोळा अंकस्थानांच्या द्विमान खणांत बसवावयाची होती. ह्या खणांत ३२,७६७ पर्यंतच संख्या मावते. जुन्या बाणाचा वेग ध्यानांत घेतां ती मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव नव्हता. नवा बाण मात्र आडव्या दिशेस अधिक वेगानें जात होता. संख्या खणांत मावेना व संगणक बंद पडला. विशेष हें कीं, उड्डाणानंतर त्या हिशेबाची नव्या बाणास गरजच नव्हती.

जोडीस दुसरा राखीव संगणक होता. पण त्यांतही तीच आज्ञावली असल्यामुळें तोही त्याच कारणानें बंद पडला होता. लिहिलेलें जुन्या मागणीस बरोबर होतें. मागणी बदलली, पण नव्या बाणाच्या मार्गावर त्याचा ताळा पाहिला गेला नाहीं.

यंत्रसहायकाचे गुण व मर्यादा

सहायक हा अफाट मजकूर वाचून तयार झालेला असतो व पुढें कोणता शब्द येणें संभवनीय आहे, ह्या अनुमानानें लिहितो. म्हणून नेहमींचीं कामें तो फार सफाईनें करतो. परंतु संभवनीय असणें आणि सत्य असणें ह्यांत अंतर आहे; जीं साधनें अस्तित्वांतच नाहींत, त्यांचीं नांवें तो कधीं कधीं निःशंकपणें लिहून देतो. सफाई पाहून माणसाची दक्षता शिथिल होते, हा त्यांतील खरा धोका.

ह्याविषयीं एक प्रयोग बोधप्रद आहे. ‘मीटर’ नांवाच्या अमेरिकन संशोधनसंस्थेनें २०२५ सालीं सोळा अनुभवी रचनाकारांकडून, त्यांच्या चांगल्या परिचयाच्या आज्ञावलींवर, २४६ कामें करवून घेतलीं. कांहीं सहायकासह, कांहीं त्याच्यावांचून. सहायकामुळें आपला वेळ शेंकडा २० नीं वांचला, असें त्यांस वाटलें. प्रत्यक्ष मोजणींत वेळ शेंकडा १९ नीं अधिक लागला होता. एवढ्यावरून सर्वच ठिकाणीं असें होतें असें म्हणतां येणार नाहीं; परंतु आपल्या वाटण्यावर विसंबूं नये, मोजून पाहावें, एवढें तरी त्यावरून सिद्ध होतें.

पाळावयाचे नियम

पहिला नियम: मागणी लेखी असावी व तिच्यासोबत आंकड्यांचीं उदाहरणें असावींत. ‘रविवार मोजूं नये’ ह्या वाक्यापेक्षां ‘१० ची मुदत, १७ ला परत, दंड ६ रुपये’ हें उदाहरण अधिक बोलतें.

दुसरा: एका वेळीं एकच बदल सांगावा. चार बदल एकदम केल्यास दोष कशानें शिरला, तें शोधणें दुष्कर होतें.

तिसरा: जुन्या चाचण्या सांभाळून ठेवाव्या व प्रत्येक बदलानंतर सर्वच्या सर्व पुन्हां चालवाव्या. तीसचा पाढा शिकणारा मुलगाही बारापासून उजळणी करतो, तशीच ही उजळणी. मागणीच बदलली असेल, तर ती चाचणी विचारपूर्वक बदलावी. परंतु केवळ उत्तर जुळावें म्हणून सहायकास चाचणी बदलूं देऊं नये.

चौथा: ज्यानें गणित केलें, त्याच्याच समजुतीवर ताळा सोंपवूं नये. आज्ञावली व चाचणी दोन्ही एकाच सहायकानें लिहिल्या, तर एकच गैरसमज दोहोंत उतरतो. एरियानच्या दोन संगणकांची कथा येथें आठवावी. चाचणीचीं उत्तरें माणसानें स्वतः काढलेलीं असावींत.

पांचवा: प्रत्येक बदल कोणीं, केव्हां व कां केला, ह्याची नोंद ठेवावी. ह्यासाठीं २००५ सालीं लिनस टॉर्वाल्ड्स ह्यांनीं रचलेलें ‘गिट’ हें साधन सर्वत्र वापरांत आहे. त्यामुळें बिघाड झाल्यास मागील चांगल्या आवृत्तीकडे परत जातां येतें.

सहावा व शेवटचा: जें आपणांस वाचून समजलें नाहीं, तें आपल्या नांवावर पुढें देऊं नये.

उपसंहार

आतां पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. लिहिण्याचे श्रम यंत्रानें पुष्कळ हलके केले आहेत. परंतु काय हवें तें स्पष्ट भाषेंत मांडणें, न विचारलेला प्रश्न विचारणें आणि आलेलें उत्तर पारखणें, हे श्रम माणसाकडेच राहिले आहेत, किंबहुना वाढले आहेत. त्यांसाठीं जें शिक्षण लागतें, तें निबंधाच्या, भूमितीच्या व व्याकरणाच्या तासास मिळतें. ज्या मुलास स्वतः चार ओळींची आज्ञावली लिहितां येत नाहीं, त्यास चारशें ओळींतील दोष दिसणार नाहीं. म्हणून मूळ शास्त्रही शिकलेंच पाहिजे.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, सहायकाची मदत अवश्य घ्या. पण पुढच्या वेळीं तो काम पुरें झाल्याचें सांगेल, तेव्हां आपली वही उघडा, उत्तर स्वतः काढा आणि मगच दोन्ही जुळतात कीं नाहीं तें पाहा. सोमवारीं सकाळीं पुस्तक घेऊन येणारा तो मुलगा तुमच्या ह्या ताळ्यावरच अवलंबून आहे.