मतदानाआधीचे पुस्तक

जांबे, ता. मुळशी

चि. बाळू,

समोर बसून बोलू लागलो की माझा आवाज चढतो, म्हणून हे पत्र. तू पंचायतीला उभा राहणार हे ऐकून मला संतोषच झाला होता. परंतु परवा हिंजवडीस एका सोयऱ्याने सांगितले की, तुझ्या कारगिलच्या आठवणींचे पुस्तक मतदानाआधी घरोघर वाटले जाणार असून, तुझ्या हवालदारांनी प्राण देऊन घेतलेला मोर्चा त्यात तुझ्या नावावर चढला आहे. वार्ता खोटी असेल तर या म्हाताऱ्यास क्षमा कर. खरी असेल तर ते कागद छापखान्यातून आजच परत आण. हवालदारांची शवपेटी त्यांच्या गावी तूच पोचवलीस, आणि त्यांच्या आईने तुला जेवल्यावाचून निघू दिले नाही, हे आमच्या ओट्यावर तूच सांगितलेस ना? त्या माउलीला कोणी ते पान वाचून दाखवले तर?

शिपायाने राजकारण करू नये, असे मी म्हणत नाही. तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेतले सेनानी, पण 1952 साली रत्नागिरीतून लोकसभेवर गेले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. पुस्तकासही माझी हरकत नाही. पूर्व विभागाचे सेनापती असताना जनरल थोरातांनी चीनविषयी दिलेला इशारा सरकारदरबारी उपेक्षिला गेला, 1961 साली ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी तो खरा ठरला. तरी त्यांचे आत्मचरित्र निघाले ते 1986 साली. तुला मतदानापुरताही धीर धरवत नाही? शिवाय छपाईचा खर्च कोण देतो? जमिनींना सोन्याचा भाव आल्यापासून ना हरकत दाखल्यांसाठी ज्यांचे जोडे पंचायतीच्या दारात झिजतात, त्यांच्या पैशाने हवालदारांचे मरण छापू नकोस.

तुझे आजोबा इटलीच्या लढाईहून आले, तेव्हा रात्री वाकळेवर बसून सांगत असत, आणि मी मॅट्रिकचा दीडशहाणा, ती बढाई समजून भूमितीत डोके खुपसून बसे. आज त्यांच्या पलटणीचा क्रमांकही मला धड सांगता येत नाही. म्हणून तुझ्या लिहिण्याचा मला लोभ आहे, बाळू. फक्त ज्याचे त्याला दे.

रागाने लिहिले ते मनावर घेऊ नकोस. थंडीत तुझा गुडघा धरतो असे सूनबाई म्हणाली, तेव्हा प्रचारात फार पायपीट करू नकोस. रविवारी हस्तलिखित घेऊन जेवायलाच ये. हवालदारांचे प्रकरण आधी वाचू. माझे आणि तुझ्या काकूचे मत तुलाच आहे.

तुझा,
काका