लीगचं काम आठवड्याला तासाभरात: आठ संघांसाठी एक कृती

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये हौशी क्रिकेट लीग चालवणाऱ्याला स्वतः खेळायला वेळ उरत नाही. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी मुलांचे क्लास, आणि जेवण झाल्यावर फोन हातात घेतला की व्हॉट्सअ‍ॅपवर रांग लागलेली. मॅच कुठल्या ग्राउंडवर? अंपायर कोण? आमचे दोन गुण अजून का दिसत नाहीत? राजेशची फी पोचली का? यातला एकही प्रश्न अवघड नाही. त्रास एवढाच, की ज्याचं उत्तर हंगामाआधी एकदाच द्यायला हवं होतं, ते दर आठवड्याला नव्याने शोधावं लागतं.

पुढची कृती आठ संघ, एक ग्राउंड आणि वीस षटकांचे सामने धरून लिहिली आहे. लागणारं सामान: एक सामायिक शीट, एक ऑनलाइन फॉर्म, क्रिकक्लब्स किंवा क्रिकहीरोजसारखं गुणलेखनाचं अ‍ॅप आणि एक खमका खजिनदार. खजिनदार मऊ मनाचा निघाला तर बाकीच्या सामानाचा उपयोग नाही.

१. आठवडाभर फक्त टिपून ठेवा. काहीही बदलण्याआधी एक आठवडा येणारा प्रत्येक प्रश्न कागदावर लिहा, शेजारी तो कोणी विचारला तेही. बहुतेक प्रश्न चार-पाच प्रकारांतच बसतात आणि विचारणारे बरेचसे कॅप्टन नसतातच. इथेच पहिला नियम करायचा: खेळाडूने कॅप्टनला विचारायचं आणि कॅप्टनने समितीला. थेट समितीकडे आलेल्या प्रश्नाला ‘कॅप्टनला विचारा’ एवढंच उत्तर. सुरुवातीला लोक रुसतील, रुसू द्या.

२. सगळ्या हंगामाचं वेळापत्रक एकदाच लावा. सगळ्यात जास्त वेळ इथे वाचतो, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

आठ संघांनी एकमेकांशी एकदा खेळायचं तर २८ सामने होतात, म्हणजे चार-चार सामन्यांच्या सात फेऱ्या. जोड्या लावायची रीत सोपी आहे. वरच्या ओळीत १, २, ३, ४ लिहा आणि खालच्या ओळीत त्यांच्या बरोबर खाली ८, ७, ६, ५. वर-खाली असलेले संघ एकमेकांशी खेळतात. पुढच्या फेरीला १ हलवायचा नाही, बाकी सगळे घड्याळाच्या दिशेने एकेक घर सरकवायचे. आता वर १, ८, २, ३ आणि खाली ७, ६, ५, ४. असं सात वेळा केलं की एकही जोडी सुटत नाही आणि कुठलीच दोनदा येत नाही. संघ सात असतील तर आठव्या जागी ‘बाय’ लिहा. एक सावधगिरी: क्रमांक १ कायम पहिल्याच जोडीत राहतो. वेळा त्याच क्रमाने दिल्या तर तो संघ दर शनिवारी सकाळी खेळेल आणि बाकीचे सात तुमच्या नावाने ओरडतील. म्हणून दिवस आणि वेळाही दर फेरीला फिरवा.

वीस षटकांचा सामना साधारण साडेतीन तासांत आटोपतो. एक सकाळी साडेआठला, दुसरा दुपारी एकला. शनिवारी दोन आणि रविवारी दोन. एका ग्राउंडवर एका वीकेंडला पूर्ण फेरी बसते. अंपायरिंगचा तिढाही इथेच सुटतो. सकाळच्या सामन्याला दुपारच्या दोन संघांचा एकेक माणूस अंपायर म्हणून उभा राहील आणि दुपारी सकाळच्या संघांचा एकेक. ही माणसं त्या दिवशी ग्राउंडवर यायचीच असतात, त्यामुळे नुसत्या अंपायरिंगसाठी कोणाला घरून बोलवावं लागत नाही. वेळापत्रकात अंपायर संघाचा रकाना सामन्याच्या शेजारीच ठेवा.

तारखा निवडताना दोन पंचांगं समोर हवीत. इथला पाऊस हिवाळ्यातला. मे महिन्यापासून जवळजवळ नाहीच. एप्रिलच्या मध्याला सुरुवात करून मेमोरियल डेचा वीकेंड वगळला तर सात फेऱ्या जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उरकतात. मग शाळा सुटतात आणि निम्मी लीग पुणे-मुंबईच्या विमानात असते, तेव्हा बाद फेरी ऑगस्टमध्ये, शाळा सुरू झाल्यावर आणि गणपतीच्या आधी. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मदर्स डे असतो. त्या दिवशी दुपारचा सामना ठेवण्याचं धाडस ज्याला करायचं त्याने करावं. दोन वीकेंड राखीव ठेवा आणि ग्राउंडचा अर्ज करताना तेही धरा. ऑर्टेगा पार्कात क्रिकेटची खेळपट्टी आहे, पण अख्ख्या बे एरियात क्रिकेटला ग्राउंडं कमी आणि मागणारे फार. परमिट तुकड्यातुकड्याने मागाल तर दर महिन्याला तीच पत्रं लिहीत बसाल. अर्ज एकदाच, हिवाळ्यात, विम्याच्या प्रमाणपत्रासकट.

३. पैसे संघाकडून घ्या. आठ संघांचे मिळून शंभराच्या वर खेळाडू होतात. प्रत्येकाकडून झेलने (Zelle) फी घेणं आणि कोणाची आली, कोणाची राहिली याचा मेळ घालणं हे शुद्ध हमालीचं काम आहे. कॅप्टनकडून एकरकमी वर्गणी घ्या; शंभर नोंदींच्या आठ होतात. वर्गणीसोबत प्रत्येक संघाची अनामत ठेवा. सामन्याला आला नाही, अंपायर पाठवला नाही, धावफलक वेळेत भरला नाही, की ठरलेली रक्कम अनामतीतून वजा. दंड मागायला जायचंच नसल्यामुळे मैत्रीही टिकते. खेळाडूंनी फक्त फॉर्म भरायचा: नाव, ईमेल, अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा आणि जोखमीचं संमतिपत्र. फॉर्म न भरलेल्याचं नाव अ‍ॅपमधल्या संघयादीत चढवायचंच नाही, म्हणजे आठवण करून देण्याचं काम कॅप्टन आपोआप करतो.

४. खोळंबलेल्या सामन्यांचे निर्णय आधीच लिहून ठेवा. मुंबईची कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. तिथे डाव अपुरे राहणं हे नेहमीचंच, म्हणून पहिल्या डावातल्या आघाडीचे गुण नियमातच आहेत. आपल्याकडे पावसाची जागा धुराने घेतली आहे. ९ सप्टेंबर २०२० ला वणव्यांच्या धुराने बे एरियाचं आकाश दिवसभर नारिंगी होतं. त्यामुळे एकाच पानाची नियमावली करा आणि तिच्यात आकडे घाला. सकाळी सहा वाजता एअरनाऊ (AirNow) या साइटवर हवेचा निर्देशांक १५० च्या वर असेल तर सामना रद्द आणि राखीव तारखेला. नाणेफेकीच्या वेळेनंतर तीस मिनिटांत सात खेळाडू नसतील तर पुढे चाल. राखीव तारखाही संपल्या तर गुण विभागून. आकडा लिहिलेला असला की पहाटे साडेपाचला आठ कॅप्टनांची मतं घ्यावी लागत नाहीत.

५. धावफलक ग्राउंडवरच भरला जाईल असं करा. फलंदाजी करणाऱ्या संघाने अ‍ॅपमध्ये चेंडूगणिक नोंद करायची आणि सामना संपल्यावर दोन्ही कॅप्टनांनी तिथेच उभ्याउभ्या तपासायची. रविवारी रात्री नऊनंतर बदल नाही. गुणतक्ता अ‍ॅपच लावतं. काही लीग मात्र अजून स्वतःच्या शीटवर चालतात, त्यांनी धावगतीच्या एका खड्ड्याकडे लक्ष द्यावं. १८.४ षटकं म्हणजे १८ षटकं आणि ४ चेंडू, हिशेबात १८.६६७. शीटला हे कळत नाही, ती १८.४ नेच भागते. समजा तुम्ही वीस षटकांत १५० केल्या आणि समोरच्यांनी १५१ धावा १८.४ षटकांत काढल्या. तुमची निव्वळ धावगती उणे ०.५८९ यायला हवी, शीट उणे ०.७०७ दाखवेल. उपाय म्हणजे पूर्ण षटकं आणि उरलेले चेंडू वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचे आणि चेंडूंना ६ ने भागून बेरीज करायची. संघ सर्वबाद झाला तर मात्र पूर्ण वीस षटकं धरायची. हे आकडे इथे कोणी हलक्यात घेत नाही. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर ओरॅकलमधली नोकरी सांभाळून अमेरिकेकडून खेळला आणि जून २०२४ मध्ये डॅलसला पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर त्याने टाकली. तेव्हापासून इथल्या प्रत्येक मध्यमगती गोलंदाजाला आपलीही निवड फार लांब नाही असं वाटतं. तेव्हा दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या आकड्यावरूनही भांडण होतं हे गृहीत धरा.

६. आठवड्याला एकच निरोप. दोन ग्रुप ठेवा. एकात फक्त समिती लिहील, दुसऱ्यात गप्पा, मीम आणि एकमेकांची उणीदुणी. समितीने दुसरा वाचायचा नाही. सोमवारी रात्री गुणतक्ता बघायचा आणि अनामतीतले दंड नोंदवायचे. बुधवारी निरोप टाकायचा, दर वेळी त्याच साच्यात:

‘फेरी ४. शनिवार ८.३०: संघ २ वि. संघ ८, अंपायर संघ ३ व ७. शनिवार १.००: संघ ३ वि. संघ ७, अंपायर संघ २ व ८. बदल: नाही.’

रविवारच्या दोन ओळीही तशाच. शेवटचा ‘बदल’ शब्द महत्त्वाचा. बहुतेक लोक तेवढाच वाचतात.

७. तक्रारी तिघांवर सोपवा. ज्यांचा त्या सामन्याशी संबंध नाही असे तीन कॅप्टन. तक्रार लेखी, सामना संपल्यापासून २४ तासांत. निर्णय बुधवारच्या निरोपाआधी. फोनवरची तक्रार ऐकून घ्या, पण नोंदवू नका.

एवढं बसवायला पहिल्या हंगामाआधी दोन-तीन वीकेंड खर्ची पडतील. नंतर सोमवारी अर्धा तास, बुधवारी दहा मिनिटं आणि अधूनमधून एखादी खरी अडचण. शीट, फॉर्म आणि अ‍ॅपचं खातं मात्र स्वतःच्या ईमेलवर काढू नका, लीगच्या नावाने काढा. हंगाम संपला की पासवर्ड पुढच्या माणसाच्या हाती ठेवा आणि समितीच्या ग्रुपमधून खुशाल बाहेर पडा.