गळणारं तेल आणि अडलेलं तेल

कास्ट आयर्न बुलेट ज्यांच्या घरी आहे, त्यांना गाडीखालच्या डागांबद्दल दोन प्रकारची वाक्यं कायम ऐकावी लागतात. एक म्हणजे, 'बुलेट आहे, गळणारच. गळतंय म्हणजे आत तेल आहे.' आणि दुसरं, 'आणा गाडी, एकदाच सिलिकॉन मारून देतो, परत थेंब पडला तर सांगा.' पहिल्या वाक्यावर विसंबून माणसं वर्षानुवर्षं गळती बघतच नाहीत. दुसऱ्याचा परिणाम मी स्वतः भोगला आहे. माझ्याकडची बुलेट १९७८ची, साडेतीनशेची. तिचं इंजिन गळतीनं कधी थांबलं नाही. ते थांबलं गळती बंद करण्याच्या नादात. म्हणून जुनी गाडी नव्यानं हाती आलेल्या मंडळींसाठी हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी हे इंजिन गळतं का, ते समजून घ्यायला हवं, कारण ते कळलं की घाबरणंही कमी होतं आणि बेफिकिरीही. इंग्लंडातल्या रेडिचला या इंजिनाचा आराखडा झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली, आणि थोड्याफार बदलांनिशी हेच इंजिन २००९-१०च्या सुमारास यूसीई हे नवं इंजिन येईपर्यंत आपल्या रस्त्यांवर धावत राहिलं. त्याचं चेंबर (क्रँककेस) उभं दुभागलेलं, म्हणजे सांधा थेट तळापर्यंत जातो. चेंबर आणि हेड अॅल्युमिनियमचं, मधला सिलिंडर बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे प्रत्येक फेरीत हे सांधे थोडेसे हलतात आणि गार झाल्यावर पुन्हा जागेवर येतात. मधलं पॅकिंग कागदाचं किंवा कॉर्कचं. इतकी वर्षं ते हे सगळं सोसतं, याचंच मला कौतुक वाटतं.

याहून मोठं कारण मात्र हवेचं आहे. इंजिन एकाच पिस्टनचं. तो खाली येतो तेव्हा ३४६ सीसी जागा व्यापत येतो, आणि तेवढी हवा चेंबरमध्ये दाबली जाते. ३००० आरपीएमला हे सेकंदाला पन्नास वेळा घडतं. दोन पिस्टनच्या काही इंजिनांत एक खाली येताना दुसरा वर जातो, इथे ती सोय नाही. ही हवा बाहेर पडावी म्हणून ब्रीदर दिलेला असतो, आणि बाहेरची हवा परत आत ओढली जाऊ नये म्हणून त्याच्या नळीच्या टोकाला चपटी रबरी चोच. ही चोच कडक होते, चिकटते, कधी हरवते. रिंगा झिजल्या असतील तर वरचा गॅसही खाली उतरतो. मग आतला दाब वाट शोधतो, आणि वाट म्हणजे आपली पॅकिंगं. कितीतरी गाड्यांची मी अशी अवस्था पाहिली आहे की पॅकिंग बदलून बदलून मालक थकला आणि दोष निघाला ब्रीदरच्या नळीत. एका गाडीचा ब्रीदर तर 'इथूनच तेल उडतंय' म्हणून बोल्ट ठोकून बंद केलेला होता. तिची सगळी सीलं एका पावसाळ्यात गेली. तेव्हा गळती दिसली की पहिला हात ब्रीदरला घाला.

आता माझ्या गाडीचं सांगतो. इंजिन पूर्ण उघडण्याची वेळ आली होती. बोअर, पिस्टन, रिंगा सगळं नवीन झालं. बांधणाऱ्यानं प्रत्येक सांध्याला करडं सिलिकॉन भरपूर लावलं. बाहेर आलेला जास्तीचा भाग नीट पुसलेला, दिसायला गाडी सुरेख. खरोखरच थेंब पडत नव्हता. पाहणारे विचारायचे, कुणाकडून करून घेतलं? पुढे आजऱ्याहून आंबोलीकडे जाताना इंजिनाच्या पोटातून ठोका येऊ लागला. टॅपेटचा आवाज वरचा आणि हलका असतो, टिकटिक म्हणावी असा. हा आवाज खालचा, जड, आणि थ्रॉटल सोडला की वाढणारा. गाडी तिथंच बंद केली आणि टेम्पोत घालून कोल्हापूरला आणली.

उद्यमनगरात एका जुन्या लेथवाल्या मिस्त्रींनी ती माझ्यासमोर उघडली. या इंजिनाची रचना अशी, की पंपानं ढकललेलं तेल टाइमिंग कव्हरमधल्या फिल्टरमधून जातं आणि कव्हरमधल्याच एका बारीक वाटेनं क्रँकच्या टोकात शिरतं. तिथून ते बिगएंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, मिळतं. जुन्या बुलेटचं बिगएंड तरत्या बुशचं. बुश आणि पिन यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा असेल तोवरच ते जगतं. मिस्त्रींनी त्या वाटेत बारीक तार घातली, हलकेच फिरवली आणि ओढली. तारेच्या टोकाला शेवयाच्या तुकड्यासारखा करड्या सिलिकॉनचा दोरा आला. कव्हर आवळताना जेवढं बाहेर आलं तेवढं पुसलं गेलं होतं, आणि जेवढं आत गेलं ते तेलाच्या वाटेत जाऊन बसलं होतं. बुश निळा पडला होता, पिनेवर रेघा उमटल्या होत्या.

मिस्त्री एवढंच म्हणाले, "भाईर आलेलं तेल दिसतंय तरी, साहेब. आत अडलेलं कुणाला दिसणार?"

तेव्हापासून मी दिसणाऱ्या गळतीइतकंच, किंबहुना जास्त, न दिसणाऱ्या गळतीकडे लक्ष देतो. या इंजिनात अशा दोन जागा आहेत आणि दोन्ही प्रत्येक मालकाला ठाऊक असायला हव्यात. एक तीच, क्रँकच्या टोकाशी टाइमिंग कव्हरच्या आत बसणारं कॉर्कचं छोटं सील. ते चपटं झालं किंवा बसवायचं राहून गेलं, तर तेल क्रँकमध्ये शिरण्याऐवजी टाइमिंगच्या कप्प्यातच सांडतं. बाहेर एक थेंब नाही, आणि बिगएंड उपाशी. पाच-पन्नास रुपयांच्या वस्तूसाठी हजारोंचं क्रँक जातं. टाइमिंग कव्हर उघडलं की ते सील नवीनच घालायचं, जुनं कितीही चांगलं दिसो. दुसरी जागा डावीकडे, प्रायमरी चेनच्या स्प्रॉकेटमागचं सील. ते गेलं की इंजिनाचं तेल प्रायमरी केसमध्ये जमा होतं. इंजिनातली पातळी उतरते, प्रायमरीची चढते, क्लच घसरू लागतो, आणि जमीन कोरडीच राहते. म्हणून दोन्ही पातळ्या एकत्र तपासा. एक उतरताना दुसरी चढत असेल तर दुसरं निदान शोधायची गरज नाही.

पातळी तपासण्याचीही एक वेळ असते. या इंजिनाचं तेल चेंबरच्याच एका कप्प्यात साठवलेलं असतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते पंपातून झिरपत झिरपत क्रँकच्या बाजूला उतरतं. सकाळी डिपस्टिक काढली तर कोरडी दिसते, माणूस घाबरून तेल ओततो, गाडी सुरू होते, खाली उतरलेलं तेल पंप परत वर आणतो, आणि आता जास्त झालेलं तेल ब्रीदरमधून उडू लागतं. मग 'गळती वाढली' म्हणून गाडी गॅरेजात. गाडी आधी चालवा, तापू द्या, मेन स्टँडवर लावा, चार-पाच मिनिटं थांबा आणि मग पातळी बघा. पहिल्या किकनंतर सायलेन्सरमधून पांढरा-निळा धूर येऊन काही वेळात विरला, तर तो याच उतरलेल्या तेलाचा असतो. धूर विरलाच नाही तर मात्र रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड बघावे लागतील.

गळती नेमकी कुठून, हे ओळखायची माझी पद्धत साधी आहे. इंजिन रॉकेलनं किंवा डिझेलनं पूर्ण धुवायचं, फडक्यानं कोरडं करायचं, आणि संशयित सांध्यांवर अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरायची. जवळपासच एक चक्कर मारून यायचं. पांढऱ्या पावडरवर पहिली करडी रेघ जिथे उमटली, तिथे गळती. हे एवढं करावं लागतं, कारण वाऱ्यानं आणि गुरुत्वानं तेल फार फिरतं. रॉकर कव्हरमधून निघालेलं तेल सिलिंडरच्या फिन्सवरून खाली येऊन चेंबरच्या सांध्यावर ओघळतं, आणि सगळे चेंबरला दोष देतात. चेंबर फोडण्याआधी पावडरचे दहा रुपये खर्च करा.

गाडी रात्री उभी राहते तिथे मी खोक्याचा पुठ्ठा टाकतो. दोन्ही चाकं कुठे येतात ते त्यावर पेनानं आखलेलं आहे, म्हणजे गाडी रोज त्याच जागी लागते आणि डागाची जागा ताडून बघता येते. डाग कुठे पडला, केवढा पडला, काळा की तांबूस की ग्रीससारखा जाड, एवढ्यावरून इंजिन, प्रायमरी आणि गिअरबॉक्स वेगळे ओळखता येतात. जुना डाग हळूहळू मोठा होतो आहे, याची मला काळजी वाटत नाही. काल नव्हता त्या जागी आज डाग दिसला, तर त्या दिवशी गाडी बाहेर काढत नाही.

कोणती गळती सोसायची आणि कोणती नाही, याबद्दल माझं मत ठाम आहे. रॉकर कव्हरभोवती ओलसरपणा येतो, धूळ चिकटते. पुसावं आणि गाडी चालवावी. चेंबरच्या उभ्या सांध्यातून घाम फुटल्यासारखं तेल येत असेल, तर इंजिन दुसऱ्या कारणासाठी उघडेपर्यंत त्याला हात लावू नये. गिअरबॉक्स थोडा झिरपतोच, पातळी राखली की झालं. टॅपेट कव्हर मात्र लगेच दुरुस्त करावं, कारण ते घरी होण्यासारखं काम आहे. हे कव्हर एकाच नटावर बसतं. टॅपेट सेट करायला ते वारंवार उघडतं, गळू नये म्हणून दर वेळी जास्त आवळलं जातं, आणि मधोमध दाब पडून कडा उचलतात. जेवढं आवळाल तेवढं गळेल. जाड काचेवर चारशे नंबरचा पॉलिश पेपर पसरा, त्यावर दोन थेंब तेल टाका आणि कव्हर इंग्रजी आठच्या आकारात फिरवत घासा. सुरुवातीला फक्त मधला भाग चमकेल, कडा काळ्या राहतील. सगळा पृष्ठभाग एकसारखा चमकला की ते सपाट झालं. नवं पॅकिंग, त्याला ग्रीसचा हात, आणि नट लहान पान्यानं. प्रायमरी केसचंही असंच आहे. तेसुद्धा मधल्या एका नटावर आणि कडेच्या रबरी पट्टीवर बसतं. पान्याला पाइप लावून ते आवळणाऱ्या माणसाच्या हाती गाडी देऊ नये.

एक गळती मात्र एक दिवससुद्धा चालवून घ्यायची नाही, ती म्हणजे मागच्या चाकाकडे जाणारी. या गाडीची चेन आणि मागचा ब्रेक दोन्ही डावीकडे. ब्रीदरचं, प्रायमरीचं किंवा चेनवरून उडालेलं तेल तिथेच पोचतं. टायरच्या कडेला लागलेलं तेल सरळ रस्त्यावर जाणवत नाही. घाटात गाडी डावीकडे कलली की तीच कड रस्त्याला टेकते. माझ्या ओळखीतला एक तरुण पहिल्या पावसात असाच आडवा झाला. जीव वाचला, गुडघा कायमचा गेला. घरून निघताना टायरच्या डाव्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर आधी टायर साबणानं धुवा, तेल येतंय ती जागा बंद करा, मग निघा.

खाली पडलेल्या तेलाची जबाबदारी आपलीच आहे, हेही सांगायला हवं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फरशीवर तेल सांडलं तर लहान मुलं, म्हातारी माणसं घसरतात. पाणी मारून ते गटारात ढकलू नका, ते पुढे पंचगंगेलाच मिळतं. लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्या, आणि बदललेलं तेल डब्यात साठवून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

सिलिकॉनवर माझा राग नाही. जिथे तेलाची वाट जात नाही अशा सांध्यावर, पुसट थर बोटानं एकाच बाजूला लावला, तर ते उत्तम काम करतं. टाइमिंग कव्हरला मात्र नुसतं कागदी पॅकिंग आणि ग्रीस. पॅकिंगमधली भोकं कव्हरच्या भोकांशी जुळतात का, तेही हातानं लावून बघायचं.

तुमचं इंजिन पुढच्या वेळी उघडेल तेव्हा एवढं करा. टाइमिंग कव्हर बंद होताना तिथे स्वतः उभे राहा, कॉर्कचं नवं सील बसलेलं डोळ्यांनी बघा. इंजिन सुरू झाल्यावर रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बँजो बोल्ट एक आटा सैल करायला लावा, आणि तिथे तेल आलेलं दिसल्याशिवाय गॅरेजमधून गाडी बाहेर काढू नका.